मांड बसेपर्यंत : अश्वारोहण शिकणाऱ्यांचे प्रश्न

अश्वारोहणाविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांतली बरीचशी वरवर पाहता तंत्राची असतात. खोगीर कोणते असावे, रिकिबीची लांबी किती ठेवावी, असे त्यांत विचारलेले असते. पण पत्र शेवटपर्यंत वाचले की खरे दुखणे मनाचे आहे हे लक्षात येते. कुणाला भीती वाटते, कुणाला राग आवरत नाही, कुणाला इतरांच्या मागे पडल्याचे शल्य आहे, तर कुणाला वय आड येईल अशी धास्ती आहे. अशा वेळी शिकण्याची उमेद टिकवायची कशी, या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत आणि जागेअभावी मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची असून पुण्यातील एका राइडिंग स्कूलमध्ये गेल्या दिवाळीपासून शिकते आहे. दुडकीवर थोडीफार मांड बसू लागली होती. मध्यंतरी कुंपणावर अडकलेला प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला, घोडी एकदम बाजूला उडाली आणि मी पडले. खरचटण्यापलीकडे काही लागले नाही. परंतु तेव्हापासून रिकिबीत पाय घालतानाच माझे हात कापू लागतात. आमचे सर म्हणतात, 'पॉझिटिव्ह राहा, घोड्याला भीती कळते.' हे ऐकल्यापासून तर मी अधिकच धास्तावते. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या सरांचे म्हणणे खरे आहे, पण ते अर्धेच आहे. स्वीडनमधील संशोधकांनी केलेला एक साधा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. काही माणसांना घोडा हाताने धरून, तर काहींना घोड्यावर बसून, ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा पार करायला सांगण्यात आले. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितले गेले, की या वेळी तुम्ही जवळून जाताना एक छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीची काहीच कल्पना नव्हती. त्याच्यापर्यंत पोहोचली ती फक्त माणसाच्या अंगातली धास्ती.

यावरून निष्कर्ष मात्र नीट काढायला हवा. 'मी घाबरलेली नाही' असे मनाला कितीही बजावले तरी घोडीला त्याचा उपयोग नाही, कारण तिला आपले शब्द कळत नाहीत, आपले अंग कळते. म्हणजे उसन्या अवसानाची येथे काही किंमत नाही. पण याच गोष्टीत आपल्या अडचणीवरचा उपायही आहे. छातीची धडधड आपल्या हातात नसली तरी श्वास, खांदे, गुडघे आणि बोटे आपल्या हातात असतात. मनात भीती असतानाही अंग सैल सोडता येते, आणि अंग सैल सुटले की काही वेळाने मनही त्याच्यामागून येते. घोड्याच्या बाबतीत सकारात्मक वृत्तीची सुरुवात विचारांपेक्षा श्वासापासून करावी असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

घाबरलेला स्वार काय करतो ते पाहा. तो श्वास रोखून धरतो, गुडघे आवळतो, त्यामुळे टाच वर येते, धड पुढे झुकते आणि लगाम हातात गोळा होतो. घोडीला एकाच वेळी दोन निरोप मिळतात: पायांचा दाब सांगतो 'चल', लगाम सांगतो 'थांब'. शिवाय तिच्या पाठीवर एक ताठर ओझे. ती कान टवकारते, मान वर घेते आणि परिसरात धोका कुठे आहे याचा शोध घेऊ लागते. स्वाराला वाटते घोडी बिथरते आहे, घोडीला वाटते स्वाराला काहीतरी दिसले आहे.

घोडी प्लॅस्टिकला का दचकली, हेही समजून घ्यावे. घोडा हा मोकळ्या माळावर शिकाऱ्यांपासून पळून जगलेला प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतले दिसते. फक्त कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या नजरेआड राहतो. कडेला काही अचानक हलले तर आधी उडी आणि मग विचार, ही त्याची हजारो पिढ्यांची कमाई आहे. त्या क्षणी तिला आपल्याला पाडायचे नव्हते. तिला फक्त तिथून दूर व्हायचे होते. हे एकदा मनोमन पटले की तिच्याविषयीचा अविश्वास बराच ओसरतो.

आता प्रत्यक्ष करायचे काय, तर सरांशी बोलून काही आठवडे एक पायरी खाली उतरावे. यात कमीपणा काहीच नाही. तासाचा पहिला भाग घोडीच्या शेजारी जमिनीवर घालवावा. स्वतः खरारा करावा. मानेपासून खांद्यावर, खांद्यापासून पाठीवर आणि मग पुठ्ठ्यावर हात फिरवताना तिचे कान कोणत्या क्षणी सैल पडतात, खालचा ओठ कधी लोंबतो, ती मोठा उच्छ्वास कधी सोडते, हे पाहावे. त्यानंतर तिला हाताने धरून रिंगणात चालवावे, थांबताना आधी आपला श्वास पूर्ण सोडावा आणि मग पाऊल थांबवावे. बऱ्याच घोड्या काही दिवसांतच दोरी ओढण्याआधी श्वासावरच थांबू लागतात. आपल्या नुसत्या उच्छ्वासाने एवढे मोठे जनावर थांबते, हा अनुभव कोणत्याही उपदेशापेक्षा मोठा धीर देतो.

त्यानंतर खोगिरावर बसावे, पण सरांनी घोडी लांब दोरीवर गोल फिरवावी, म्हणजे दिशा आणि वेग सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही. चढण्यापूर्वी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तपासावा आणि थोडे चालवल्यावर पुन्हा तपासावा, कारण खोगीर आवळताना अनेक घोडे पोट फुगवून धरतात. घोडीच्या मानेभोवती एक चामडी पट्टा बांधून घ्यावा आणि धरायचे झाल्यास तो धरावा, लगाम नव्हे. आणि एक गोष्ट जरूर करून पाहावी: चालताना मोठ्याने काहीतरी म्हणावे. पाठ असलेली आरती चालेल, ओवी चालेल. म्हणणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, एवढे साधे कारण त्यामागे आहे. सुरुवातीला संकोच वाटेल, परंतु रिंगणातल्या अनुभवी माणसांना यात नवल वाटणार नाही.

'घोडी दचकणार नाही' अशी आशा मात्र धरू नये. ती दचकेल. 'ती दचकली तर मी काय करीन' याचे उत्तर अंगात मुरवून ठेवावे: टाच खाली, नजर वर आणि घोडीच्या कानांच्या पलीकडे, एक हात पट्ट्यावर, आणि श्वास बाहेर. उभ्या घोडीवर बसून हे सरांच्या इशाऱ्यासरशी पुन्हा पुन्हा करावे. मला खोट्या आश्वासनांपेक्षा अशी तयारी अधिक आशादायक वाटते.

'पडल्यावर लगेच पुन्हा चढलेच पाहिजे' हा सल्ला सर्रास दिला जातो, त्याविषयी दोन शब्द. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी चढू नये, डॉक्टरांकडे जावे, आणि आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. इतर वेळी चढायचे की नाही हे स्वाराने ठरवावे. त्या दिवशी घोडीला दोन फेऱ्या हाताने फिरवून, थोपटून, पाणी दाखवून तास संपवला तर भीती कायमची बसते असे मुळीच नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्याबरोबर लागलेली सगळी मुले कँटरवर, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीवर, गेली, ही अजून दुडकीवरच आहे. घरी येताना गाडीत रडते, 'मला जमणारच नाही' म्हणते. आम्ही तिला धीर देतो, 'तू करू शकतेस' असे सतत सांगतो, तरी उपयोग होत नाही. तिला स्वतःचा घोडा घेऊन दिला तर आत्मविश्वास वाढेल का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : आपली तळमळ पत्रात जाणवते. पण 'तू करू शकतेस' हे वाक्य मुलीच्या कानात 'तू अजून केलेले नाहीस' असे उमटत असावे. तिला धीराइतकीच गरज आहे ती तिचे काम किती अवघड आहे, हे कुणीतरी ओळखण्याची.

दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. त्या दोन ठोक्यांपैकी एकावर स्वाराने खोगिरातून उठायचे आणि दुसऱ्यावर बसायचे, तेही लगामावरचा हात अजिबात न हलवता. रिंगणात वळताना तर बाहेरच्या अंगाचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हाच उठायचे, असा नियम आहे. मुलांची उंची ज्या वयात झपाट्याने वाढते, त्या वयात शरीराचा तोल दर काही महिन्यांनी बदलतो, आणि जमलेली गोष्टही काही काळ बिघडते. अशा अवस्थेत हात स्थिर होण्यापूर्वीच कँटरवर गेलेला मुलगा तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळतो आणि त्याची किंमत घोड्याचे तोंड मोजते. आपली मुलगी दुडकीवर थांबली आहे म्हणजे ती मागे पडली, असे मी म्हणणार नाही. रिकिबी सोडून काही फेऱ्या तिला बसता आले, आणि दुडकीत घोड्याची आयाळ किंवा खोगीर न धरता हात शांत राहिला, की पुढची पायरी ती सहज चढेल. तिच्या शिक्षकांना विचारून हे दोन मोजमाप तिच्यासमोर ठेवावेत. 'इतरांसारखे' हे ध्येय धूसर असते, 'रिकिबी सोडून दोन फेऱ्या' हे दिसणारे आणि गाठता येणारे असते.

तिला हेही सांगावे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा अश्वारोहणातले आशियाई सुवर्ण आपल्याला १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धेनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी मिळत होते. ते पदक ड्रेसाज या प्रकारातले होते. या प्रकारात अडथळे नसतात आणि वेगाला गुण नसतात. घोडा पावलावर, म्हणजे सर्वांत संथ चालीत, किती मोकळा चालतो, दुडकीत त्याची लय किती एकसारखी राहते, वळताना तो किती सहज वाकतो, अशा एकेका हालचालीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. कमी वेगाच्या चाली नीट करणे ही वरच्या पायरीची विद्या आहे, हे तिला कळले तर दुडकीकडे पाहण्याची तिची नजर बदलेल.

परतीच्या वाटेवर 'आज कँटर केलेस का?' हा प्रश्न विचारू नये. 'आज घोडा कोणता होता? त्याच्याविषयी नवीन काय कळले?' असे विचारावे, आणि तिने सांगितलेले ऐकून घ्यावे, त्यावर लगेच स्तुती किंवा सल्ला देऊ नये. तास चालू असताना कठड्याबाहेरून सूचना देण्याचा मोहही टाळावा. एका कानाने शिक्षक आणि दुसऱ्या कानाने वडील ऐकणाऱ्या मुलाला घोडा ऐकायला कानच उरत नाही.

स्वतःचा घोडा घेण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: इतक्यात घेऊ नये. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात देखणी जनावरे पाहून कुणाचेही मन मोहते, पण घोड्याला रोज चारा, चंदी, पाणी, फिरवणे, नियमित नालबंद आणि पशुवैद्य लागतो, मुलीची परीक्षा असो वा नसो. शिवाय एकाच घोड्यावर शिकणारे मूल त्याच घोड्याच्या सवयी शिकते. शाळेतल्या थोराड, आळशी, चपळ आणि लहरी अशा सगळ्या घोड्यांवर बसण्यातून जे येते, ते याच वयात येऊ द्यावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि गावातील एका गृहस्थांकडे घोडा शिकतो. त्यांचे भीमथडी तट्टू अतिशय हट्टी आहे. टाच मारली तरी चालत नाही, चालले तर मध्येच थांबते. मित्र म्हणतात चाबूक ओढ, दम दाखव. मला राग येतो आणि राग आल्याचे नंतर वाईटही वाटते. मन शांत ठेवून हट्टी घोड्याला वठणीवर कसे आणावे?
— एक विद्यार्थी, सातारा जिल्हा

उत्तर : भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या स्वाऱ्यांमध्ये नावाजलेली होती. आकाराने लहान, पण काटक आणि कमी चाऱ्यावर लांबची मजल मारणारी. अशा जनावरावर शिकायला मिळणे हे भाग्य आहे, असे मानून सुरुवात करावी.

प्रथम 'हट्टी' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा, आणि प्रत्येक तासानंतर एका वहीत जे डोळ्यांना दिसले तेच लिहावे. 'तट्टू हट्टीपणा करते' असे न लिहिता 'डाव्या हाताला वळताना फाटकाजवळ थांबते', 'उजव्या अंगाने नीट चालते', 'खोगीर चढवताना कान मागे पाडते, तंग आवळताना मागे वळून चावायला पाहते' असे लिहावे. असे लिहिता लिहिता राग कमी होतो, आणि कारणही सापडू लागते. फाटकाजवळच थांबत असेल तर त्याचे सोबती किंवा चारा त्या दिशेला आहे. एकाच बाजूला अडत असेल किंवा तंगाला वैतागत असेल तर पाठ, खांदा, दात, खूर यांपैकी काहीतरी दुखत असण्याची शक्यता आधी तपासावी. खोगिराखालच्या घामाचा ठसा पाहावा. सगळीकडे ओले आणि मध्येच एखादा कोरडा डाग असेल तर तेथे खोगीर जास्त दाबते आहे का, हे जाणकाराला दाखवावे. जे जनावर वेदनेमुळे नकार देत आहे, त्याला दम दाखवणे हा अन्याय आहे, आणि त्यातून घोडा शिकणे तर दूरच, तो उलट बिघडतो.

दुखणे नाही असे पशुवैद्याने सांगितले, तर पुढचा प्रश्न टाचेचा. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. ही या विद्येतली पायाभूत गोष्ट आहे. पोटरीचा दाब आला, त्याने पाऊल पुढे टाकले आणि त्याच क्षणी दाब नाहीसा झाला, तर 'पाऊल टाकल्याने त्रास थांबतो' हे त्याला कळते. आपण त्याने पाऊल टाकल्यावरही टाच मारत राहिलो, तर त्याला काय कळावे? चालले तरी मार, थांबले तरी मार. अशा वेळी तो टाचेकडे लक्ष देणे सोडतो, आणि आपण त्याला निबर म्हणतो. नवशिक्यांना पाठीवर वाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घोड्याची हीच कथा असते, त्यामुळे दोष आपला एकट्याचा मानू नये.

उभ्या तट्टूवर बसावे, नजर वर घ्यावी, श्वास आत घेत अंग थोडे उंच करावे, आणि पोटरीने इतका हलका दाब द्यावा की बाहेरच्या माणसाला तो दिसू नये. प्रतिसाद नाही मिळाला तर किंचित वाढवावा, तरीही नाही तर खांद्यामागे चाबकाच्या टोकाने नुसता स्पर्श करावा, फटका नव्हे. आणि तट्टूने नुसते वजन पुढे झुकवले तरी सगळे थांबवावे, मान खाजवावी. पुढच्या वेळी पुन्हा हलक्यापासूनच सुरुवात. काही दिवस फक्त एवढेच करावे. आपल्या मांडीखालचे जनावर पोटरीच्या स्पर्शाला पाऊल टाकते आहे हे ज्या दिवशी जाणवेल, त्या दिवशी उन्हात झालेल्या सगळ्या तळमळीचे सार्थक होईल, याची मला खात्री आहे.

रागाविषयी आपण मोकळेपणाने लिहिलेत, हे चांगले केलेत. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे ग्रीक सेनानी झेनोफन सुमारे २,३५० वर्षांपूर्वी सांगून गेला. म्हणजे राग येणे ही काही आपल्या पिढीची उणीव नव्हे. तो येणारच. दात आवळले गेले, हात जड झाला, की लगाम सैल सोडून तट्टूला मोकळे चालू द्यावे, आणि एक फेरी पूर्ण होईपर्यंत काहीही मागू नये. तरीही राग उतरला नाही तर त्याला नक्की जमेल असे एखादे सोपे काम, जसे चार पावले चालून थांबणे, करून घ्यावे आणि उतरावे. मित्रांना चाबूक ओढलेला पाहायचा असेल तर ते कठड्याबाहेरच बरे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाले. लहानपणापासून घोडा शिकायची हौस होती, ती राहून गेली. आता पायांत पूर्वीची ताकद नाही. घरचे हसतात. या वयात सुरुवात करणे वेडेपणाचे ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नाही, मात्र तपासणीनंतर. हाडांची घनता, गुडघे आणि कंबर डॉक्टरांना दाखवून घ्यावीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधी स्पष्ट सांगावे, कारण मग लहानशी पडझडही गंभीर ठरू शकते. डॉक्टरांनी संमती दिली तर अंगाने शांत, उंचीने बेताचा घोडा असलेली आणि चढायला भक्कम चौथरा असलेली शाळा निवडावी. घोडा धरून चालणारा अनुभवी माणूस पहिले काही आठवडे सोबत असावा.

पायांच्या ताकदीविषयी एक उदाहरण देतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये, दुसऱ्या अपत्याच्या वेळी गरोदर असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागे. तरीही त्यांनी पाठ, वजन आणि श्वास यांच्या भाषेत आपल्या जुबिली या घोडीशी बोलायचा सराव केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज प्रथमच स्त्रियांसाठी खुले झाले, आणि पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी रौप्यपदक मिळवले. १९५६ मध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. त्या आधीपासूनच कसलेल्या स्वार होत्या, हे लक्षात ठेवायला हवे. आपल्याला पदकाचा विचार करायचा नाही. पण मांड ही केवळ पायांच्या जोरावर बसत नाही, तोल आणि सैलपणा यांवर बसते, हे त्यांच्या उदाहरणाने निःसंशय दिसते. प्रौढ विद्यार्थ्यांमध्ये घाई कमी आणि निरीक्षण जास्त असते, आणि शिक्षक म्हणून मला त्यांना शिकवायला मनापासून आवडते.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात रिंगणात चिखल होतो आणि राइडिंग जवळजवळ बंद पडते. पुन्हा सुरू झाल्यावर सगळे विसरल्यासारखे वाटते आणि उत्साह जातो. काय करता येईल?
— एक विद्यार्थिनी, लोणावळा

उत्तर : स्वारी बंद असली तरी तबेला बंद नसतो, आणि पावसाळ्यात तर तेथे हातांची खरी गरज असते. ओलाव्यामुळे खुराच्या तळाशी असलेल्या मऊ त्रिकोणी भागालगतच्या खाचा काळपट पडून कुजतात आणि त्यांना एक विशिष्ट दुर्गंधी येते. सईसाकडून खूर उचलायला आणि लोखंडी आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करायला शिकून घ्यावे. पाय उचलताना घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून त्याच्या खांद्याला लागून उभे राहावे, हात खांद्यापासून खाली फिरवत न्यावा, आणि त्याने वजन दुसऱ्या पायावर घेतले की मगच उचलावा. चामड्याच्या लगामावर आणि खोगिरावर बुरशी धरते. ती ओल्या फडक्याने पुसून, सॅडल सोप लावून, सावलीत वाळवावी. लगामाचा प्रत्येक पट्टा सुटा करून पुन्हा जोडता आला की आपल्या हातांना घोड्याच्या तोंडाशी काय जोडलेले आहे, ते पक्के समजते.

तोलाचा सराव घरीही होतो. जिन्याच्या पायरीवर फक्त चवड्यांवर उभे राहून टाचा खाली सोडाव्यात, गुडघे मऊ ठेवावेत आणि नजर समोर ठेवून हळूहळू श्वास सोडावा. कठडा हाताशी असू द्यावा. पाऊस उघडल्यावर पहिले दोन-तीन तास केवळ पावलावर चालवण्यासाठी राखून ठेवावेत, कारण घोडाही कित्येक दिवस बांधलेला असतो आणि त्याचेही अंग मोकळे व्हायला वेळ लागतो. शाळेने आग्रह केला तरी त्या पहिल्या तासांत कँटर मागू नये.